तेनिमान, म्हणजे तिघं

तेकारेईचा बाप वाटे घालायचा. मनेआबात, म्हणजे गावाच्या त्या प्रचंड छपराखाली, जेवणावळ असली की कुठल्या घराण्याच्या बैठकीपुढं काय जायचं ते म्हातारे ठरवत. पण मोजून, कुणाचा रुसवा होणार नाही अशा बेतानं पोचवायचं काम त्याचं. हातात कागद नाही, पेन्सिल नाही. कमरेला चटईचा तुकडा गुंडाळून तो मधोमध उभा राहायचा आणि मोठ्यानं मोजायचा. गळा असा, की छपरावरच्या झावळ्यांनाही ऐकू जावं.

पोरगी खांबाला टेकून डोळे मिटून बसायची. बघायची गरजच नसे. बाप 'तेनुआ' म्हणाला की समजायचं, तीन नारळ पुढं सरकले. 'तेनिकाई' म्हणाला की कुणाच्या तरी जमिनीतले तीन माड आज बोलण्यात आलेत. 'तेनिवा' म्हणजे होड्या तीन. आणि 'तेनिमान' म्हटलं की पाहुणे तिघं, नाहीतर मग डुकरं तीन; जिवंत काहीतरी, श्वास घेणारं. टोपल्यांचं तीन निराळं, पानांचं निराळं, दिवसांचं निराळं. आकड्याला शेपूट असतं आणि शेपटावरून जनावर ओळखावं, असं बाप हसत म्हणायचा.

"नुसतं तीन म्हणजे काय गं?" तो विचारायचा.

"नुसतं तीन नसतंच," ती म्हणायची.

ओनोतोआ बेटावरच्या कुठल्याही पोराला हे येतं, त्यात नवल काही नाही. पण तेकारेईचे कान वेगळे होते. सात वर्षांची असताना तिनं भर सभेत बापाची चूक काढली होती. तो थकून टोपल्यांच्या जागी नारळाचं शेपूट लावून गेला, आणि खांबामागून पातळ आवाजात दुरुस्ती आली. सगळा मनेआबा खो खो हसला. बापानं तिच्याकडं वळून पाहिलं, रागावला नाही. नंतर घरी जाताना मात्र तिला खांद्यावर बसवून घेऊन गेला, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटला.

तेरा वर्षांची झाल्यावर तिला मोठ्या बेटावरच्या शाळेत धाडलं. तिथं गणित इंग्रजीतून. परदेशातून आलेले एक मास्तर होते, माणूस वाईट नव्हता, पण घाईचा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर तीन अधिक दोन लिहिलं आणि तेकारेईला उभं केलं.

"कसलं तीन?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"तीन कसलं, सर? माणसं का होड्या?"

"तीन म्हणजे तीन! कसलं ते नंतर बघू."

वर्ग हसला. तिला खरंच कळेना. होडीचं तीन आणि माणसाचं दोन कसं एकत्र करायचं? उत्तराला मग शेपूट कुठलं लावायचं? मास्तरांनी समजावलं, की तुमच्या भाषेत उगीच ओझं आहे, पुढारलेल्या लोकांना एकच तीन पुरतं. ते बोलणं तिच्या मनात मासळीच्या काट्यासारखं रुतून बसलं. पोरींनी तिचं नाव पाडलं, 'कसलंतीन'. दीड वर्षात ती बोटीनं घरी परत आली. गणितात नापास.

तिचा धाकटा भाऊ मोआनिबा. भाऊ कसला, गावातला पहिल्या नंबरचा टवाळ. ती बोटीतून उतरते न उतरते तोच त्यानं धक्क्यावरून हाक मारली, "आली का गं कसलंतीन! किती बहिणी आल्या? तेनुआ का तेनिमान?"

ती त्याच्या अंगावर बोचकं फेकून पुढं चालू लागली. चटया विणल्या, अळूच्या खड्ड्यात उतरून कंद काढले, लग्न केलं. नवरा जर्मन जहाजांवर खलाशी झाला आणि दीड वर्षात एकदा घरी यायला लागला. मूल झालं नाही. शाळेबद्दल ती कधी बोलली नाही, पण दुकानात कुणी इंग्रजीत आकडा बोललं की तिचा चेहरा दगडासारखा होई.

बेटाच्या कचेरीत वायरलेस आला तेव्हा ती सत्तावीसची होती. यंत्र चालवायला थोडं इंग्रजी येणारं माणूस हवं होतं. पुरुष सगळे एकतर समुद्रावर, नाहीतर फॉस्फेटच्या खाणींत. दुसरं कुणी मिळेना म्हणून तेकारेईला बसवलं. नाबुती नावाचा म्हातारा मनेआबात पहिल्या बैठकीवर बसायचा. तो म्हणाला, "बसू द्या. चूक काढायची सवय आहे तिला. यंत्राचीही काढेल."

टोमणाच होता. पण खरा ठरला.

वायरलेस म्हणजे खरखर. तासभर खरखर आणि त्यात कुठंतरी बोटभर माणसाचा आवाज. दिवसातून दोनदा, सकाळी दहाला आणि दुपारी चारला, सगळी बेटं एकमेकांशी बोलायची. बोट कधी येणार, तांदळाची किती पोती, कोण जन्मलं, कोण गेलं. तेकारेई कानाला ते जड कर्णे लावून बसायची आणि डोळे मिटायची, लहानपणी मिटायची तसेच. वर्षाभरात तिला एक गोष्ट उमगली. खरखरीमध्ये वाक्यं मरतात. नावं मरतात. पण आकडा माणूस दोनतीनदा म्हणतो, जोर देऊन म्हणतो, म्हणून आकडा तगतो. आणि आकडा तगला की त्याचं शेपूट सांगतं काय ते. 'पाच' आणि होडीचं शेपूट कानावर आलं की बाकीचं ऐकायची गरज नाही. पाच होड्या येताहेत, चुली पेटवा.

उत्तरेला दोन दिवसांच्या समुद्रापलीकडे बुतारितारी बेटावर इओतेबा नावाचा माणूस यंत्रावर बसायचा. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. आवाजावरून तिनं ठरवलं होतं की तो जाडा असणार आणि त्यानं ठरवलं होतं की ती काटकुळी असणार, आणि दोघं बरोबर होते. बारा वर्षं ती दोघं रोज भांडली.

मग एक दिवस फर्मान निघालं. स्वातंत्र्य मिळून पाचसहा वर्षं झाली होती, आणि वरच्या कचेरीत नव्यानं आलेल्या कुणा साहेबाला वाटलं, की कामकाज नीटनेटकं व्हायला हवं. वायरलेसवर आकडे इंग्रजीतच बोलावेत. वन, टू, थ्री. एकच शब्द, आखूड, सगळ्यांना समजेल असा. आपल्या भाषेत एकेका आकड्याचे वीसवीस प्रकार, त्यात वेळ जातो.

तेकारेईनं तो कागद दोनदा वाचला. मग उलटा करून खिळ्याला अडकवला.

पहिला फटका पंधरवड्यात बसला. राजधानीहून निरोप आला: खरखर, खरखर, "फाइव्ह", खरखर, "येत्या बोटीनं पाठवा". फाइव्ह काय? विचारायला गेलं तर लाइन गप्प. बेटाच्या पंचांनी डोकं लढवलं. पुढल्या आठवड्यात तिकडं कुठलासा मोठा समारंभ होता, म्हणजे मागितली असणार डुकरंच. पाच घरांतून पाच डुकरं निवडली, पाय बांधले, धक्क्यावर आणली. बायका रडल्या, डुकरं ओरडली. बोट आली, आणि बोटीवरच्या कारकुनानं कागद काढून विचारलं, "सुतारकामाच्या शिक्षणाला जाणारी पाच पोरं कुठं आहेत?"

मोआनिबा धक्क्यावरच होता. त्यानं एका डुकराकडं बोट दाखवलं. "हा सगळ्यात हुशार. रंधा हातात दिलात तर खाऊन दाखवील."

आठवडाभर बेट हसत होतं. तेकारेई हसली नाही. दुसऱ्या दिवशी दहाच्या वेळेला तिनं इओतेबाला गाठलं.

"ऐक रे. यापुढं मला इंग्रजी आकडा दिलास तर तो मला मिळालाच नाही असं समज. मी घेणार नाही."

"अगं, साहेबाचा कागद आहे."

"साहेब ऐकतोय का खरखरीत बसून? तू ऐकतोस आणि मी ऐकते. शेपटासकट बोल, तीनदा बोल. नाहीतर तुझ्या तोंडात सुकट कोंबीन."

"एवढ्या लांबून?"

"पोहत येईन."

इओतेबा खदखदून हसला, पण त्या दिवसापासून तसंच बोलायला लागला. इतर बेटांवरच्या दोघाचौघांनीही तेच धरलं. कागदावर इंग्रजी, हवेत आपली भाषा. तेकारेई मात्र नोंदवहीतही आपल्याच भाषेत लिहायची, शेपटासकट. लपवायचं कशाला?

त्यानंतरच्या वर्षी, पश्चिमेचे वारे सुटण्याच्या दिवसांत, मोआनिबा आणि त्याचे दोन मित्र कबुता आणि तिआओन कुपा मासे धरायला बाहेरच्या समुद्रात गेले. इंजिनाची होडी, पंधरा घोड्यांची. पहाटे गेले, दुपारपर्यंत यायचे होते. संध्याकाळी किनाऱ्यावर माणसं जमली. दुसऱ्या दिवशी शिडाच्या होड्या शोधायला निघाल्या. चौथ्या दिवशी एक विमान वरून दोन फेऱ्या मारून गेलं. मग काही नाही.

समुद्रात माणूस वाहून जातो हे बेटावर कुणाला सांगावं लागत नाही. काही परत येतात, महिन्यांनी, हजार कोसांवरून. पुष्कळसे येत नाहीत. तेकारेईनं रोज दोन वेळा सगळ्या बेटांना विचारलं. तिचा आवाज एकदाही चिरकला नाही. इओतेबानं या दिवसांत तिची थट्टा केली नाही.

मोआनिबाची बायको रोतिया, पाचवा महिना चालू असलेली, रोज संध्याकाळी कचेरीच्या पायरीवर येऊन बसायची.

"ताई, आज?"

"आज नाही."

"बरं." आणि ती उठून जायची.

एकेचाळीस दिवस झाले. तिन्ही घरांनी, चर्चच्या पाळकांनी आणि म्हाताऱ्यांनी बसून ठरवलं, की आता शनिवारी प्रार्थना करावी, तिघांची नावं घ्यावीत, आणि बायकांना मोकळं करावं. रोतियानं काळं फडकं काढून ठेवलं. तेकारेईनं मान डोलावली. सगळ्यांचं ठरलं त्यात आपण काय म्हणणार?

शनिवारी सकाळपासून मनेआबात चटया पडल्या. कंद भाजले गेले, केतकीच्या फळांचा लगदा आला, माडीच्या काकवीच्या बाटल्या आल्या. तेकारेईनं काळे कपडे घातले आणि दहाला पाच मिनिटं असताना ती कचेरीकडं चालायला लागली.

"आज तरी नको जाऊस," पाळक म्हणाले. "सख्ख्या भावाची प्रार्थना आहे बाई."

"दहाची वेळ आहे," ती म्हणाली. "अर्ध्या तासात येते."

त्या दिवशी हवा इतकी घाण होती की यंत्रातून कढईत मासे तळल्यासारखा आवाज येत होता. एकही बेट लागेना. बॅटरीही उतरलेली. तिनं प्रत्येक बेटाला दोनदा हाक घातली, वहीत 'उत्तर नाही' असं लिहीत गेली. पंधरा मिनिटं झाली. बंद करायला हात पुढं केला, आणि त्या तळणातून इओतेबाचा जाडा आवाज वर आला. अर्धा श्वासभर.

"...निमान..."

तिचा हात तसाच राहिला.

"...तेनिमान..." खरखर. मग पुन्हा, ओरडून, तुटत, "तेनिमान!"

आणि गेला. मागं पुढं एक शब्द नाही. कोण, कुठं, केव्हा, काही नाही. तिनं वीस मिनिटं हाका मारल्या. बॅटरीचा काटा खाली लागला तेव्हा चारच्या वेळेसाठी जीव ठेवावा म्हणून तिनं यंत्र बंद केलं. वही ओढली आणि लिहिलं: दहा वाजून पंधरा, बुतारितारी, तेनिमान, तीनदा. मग लिहिलेलं पुन्हा वाचलं. अक्षर नीट आलं होतं.

मनेआबात पाळक उभे राहिलेच होते. ती कडेनं आपल्या घराण्याच्या बैठकीवर गेली नाही. सरळ मधे आली, बाप उभा राहायचा तिथं, आणि उभी राहिली. बाईनं असं मधे येऊन उभं राहण्याची रीत नाही. कुजबुज थांबली.

"प्रार्थना थांबवा," ती म्हणाली. "इओतेबाचा निरोप आलाय. तेनिमान."

कुणाला काही कळेना. "काय म्हणाला? पुरतं सांग."

"पुरतं आलं नाही. एवढंच आलं. तेनिमान, तीनदा म्हणाला."

कबुताची आई तोंडावर हात घेऊन रडायला लागली. तिआओनचा भाऊ मात्र उठून उभा राहिला. "एका शब्दावर? अहो, हिचा सख्खा भाऊ आहे त्यात. हिला जे ऐकायचंय ते ऐकू आलं. आमच्या आईनं आज सकाळी मन घट्ट केलंय, ते पुन्हा फोडू नकोस."

त्याचं चुकीचं नव्हतं, हे तेकारेईलाही कळत होतं. तिला राग आला नाही.

नाबुती म्हातारा पहिल्या बैठकीवर मांडी घालून बसला होता. त्यानं हात वर केला. "तेनिमान म्हणजे डुकरंही असतात, पोरी. गेल्या साली आपण पाच धक्क्यावर नेली होती, आठवतं का?"

दोघंचौघं हसले.

"आठवतं आजोबा," तेकारेई म्हणाली. "म्हणून तर विचारते. बुतारितारीचा माणूस, अशा हवेत, घसा फोडून, तीन डुकरं झाली म्हणून मला तीनदा सांगेल का? त्याला ठाऊक आहे मी एकेचाळीस दिवस काय विचारतेय. त्याला एकच शब्द पोचवता आला, आणि त्यानं कुठला निवडला बघा. होडी सापडली असती, तर होडीचं शेपूट लागलं असतं. सामानसुमान सापडलं असतं, तर तेनुआ म्हणाला असता. तो तेनिमान म्हणाला. श्वास घेणारे. तिघं."

"आणि ऐकण्यात चूक झाली असेल तर?" नाबुतीनं विचारलं.

"तेनुआ म्हणताना तोंड उघडं राहतं. तेनिमान म्हणताना ओठ मिटतात. मी ओठ मिटलेले ऐकले."

म्हातारा पुढं झुकला. "तुझा शब्द खोटा ठरला, तर?"

"तर या छपराखाली मी पुन्हा तोंड उघडणार नाही. आणि यंत्राची किल्ली तुमच्या हातात."

कुणी काही बोलायच्या आत रोतिया उठली. पोटावर हात ठेवून, जड पावलांनी मधे आली आणि तेकारेईच्या शेजारी उभी राहिली. डोक्याला बांधलेलं काळं फडकं सोडलं, घडी केली आणि नणंदेच्या हातात दिलं.

नाबुती घसा खाकरून म्हणाला, "पाळकसाहेब, प्रार्थना करा. पण मेलेल्यांची नको. वाटेवर असलेल्यांची करा. आणि कंद थंड होताहेत."

लोक जेवले. पण निम्मे कंद तसेच उरले.

चारला यंत्र लागलं नाही. रविवारी वायरलेसला सुट्टी. ते दोन दिवस तेकारेईला आयुष्यातले सगळ्यांत लांब गेले. वाटेनं जाताना लोक तिच्याकडं बघत आणि नजर वळवत. विहिरीवर एकीनं दुसरीला म्हटलं, "शाळेत नापास झालेली बाई, आणि सगळं गाव टांगून ठेवलंय." तिनं ऐकलं आणि बादली भरून घेतली. घरी एकटी असताना ती दोन्ही शब्द पुन्हा पुन्हा म्हणून बघायची. तेनुआ. तेनिमान. शंभर वेळा म्हटल्यावर दोन्ही सारखेच वाटायला लागले, तेव्हा ती घाबरली आणि म्हणायचं बंद केलं.

सोमवारी सकाळी कचेरीबाहेर अर्धं गाव बसलं होतं. नाबुतीसुद्धा काठी टेकत आला होता, किल्ली घ्यायला की काय कोण जाणे. नवी बॅटरी जोडली होती. हवा धुतल्यासारखी स्वच्छ. दहाच्या ठोक्याला इओतेबाचा आवाज असा आला, की जणू तो शेजारच्या खोलीत बसलाय.

"ओनोतोआ, ओनोतोआ! अगं काटकुळे, शनिवारपासून घसा बसलाय माझा! मिळालं का नाही?"

"तेनिमान मिळालं. बाकीचं सांग."

"मोआनिबा, कबुता, तिआओन. मासेमारीच्या एका परदेशी जहाजानं उचललं, पार वायव्येला. वाळून कोळ झालेत, पण जिवंत आहेत. तिघंही. त्यांना बंदरात उतरवताहेत."

तिनं कर्ण्यांची वायर काढून यंत्राचा आवाज खिडकीतून बाहेर सोडला. "पुन्हा सांग. मोठ्यानं सांग. सगळे ऐकताहेत."

त्यानं पुन्हा सांगितलं. बाहेर जो गलका उठला त्यात पुढचं काही तिला ऐकू आलं नाही. तिआओनचा भाऊ कचेरीच्या भिंतीला डोकं टेकून हुंदके देत होता. रोतिया पायरीवरच बसली होती, नेहमीसारखी, आणि हसत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

गलका ओसरल्यावर इओतेबा म्हणाला, "खरं सांगू? जहाजाचा माणूस माझ्याशी इंग्रजीत बोलला. थ्री, म्हणाला. मीही तुला थ्रीच म्हणणार होतो, आखूड पडतं म्हणून. मग सुकट आठवली."

"बरी आठवली."

"आपली भाषा बरी आहे गं," इओतेबा म्हणाला.

यंत्र बंद करून ती बाहेर आली तेव्हा नाबुती दारातच होता. त्यानं किल्ली मागितली नाही. तो म्हणाला, "तुझ्या बापाचा गळा मोठा होता. कान तुझे मोठे." आणि काठी टेकत निघून गेला. म्हातारा कधी कुणाची स्तुती करत नसे; तेवढ्यानं तेकारेईला दिवसभर जमिनीवर पाय ठेवल्यासारखं वाटेना.

दोन महिन्यांनी तिघं बोटीनं परत आले. मोआनिबाची हाडं मोजता येत होती, तोंड मात्र तसंच. पाऊस आणि कच्चे मासे यांवर ते जगले होते, एकदा एक कासव मिळालं होतं. धक्क्यावर बहिणीसमोर उभा राहून तो काहीतरी थट्टेचं बोलायला गेला, पण त्याचे ओठ वेडेवाकडे झाले. वाकून त्यानं तिच्या गालाला नाक लावलं आणि तिथंच उभा राहिला. मग म्हणाला, "होडीत आम्ही रोज सकाळी मोजायचो, ताई. तेनिमान, म्हणायचो. एक जण झोपेतून उठला नाही तर काय म्हणायचं याची भीती वाटायची."

त्या सालाच्या अखेरीस साहेब तपासणीला आला. नोंदवही उघडली, पानामागून पान उलटलं. एकही इंग्रजी आकडा नाही. त्याचा चेहरा ताठ झाला.

"हा नियमभंग आहे, बाई. कारण लिहून द्या."

तेकारेईनं पेन घेतलं आणि शनिवारचं पान काढलं. खाली एक ओळ लिहिली: 'थ्री आलं असतं, तर त्या शनिवारी आम्ही तिघा जिवंतांसाठी मेलेल्यांची प्रार्थना केली असती.' साहेबानं वाचलं. खिडकीबाहेर मोआनिबा नुकत्या जन्मलेल्या पोरीला खांद्यावर घेऊन माडाखाली उभा होता. हा कोण हे साहेबाला कुणीतरी आधीच सांगितलं असावं. त्यानं वही मिटली. माफीबिफी मागितली नाही. पण पुढच्या बोटीनं नवा कागद आला. माणसांचे, होड्यांचे आणि जनावरांचे आकडे आपल्या भाषेत बोलावेत, आणि दोनदा बोलावेत. हा कागद तेकारेईनं सुलटा लावला. फक्त 'दोनदा'वर काट मारून 'तीनदा' केलं.

एकोणीस वर्षं ती त्या यंत्रावर बसली. इतर बेटांवर नवी पोरं-पोरी यंत्र शिकायला लागली, की त्यांना आधी महिनाभर ओनोतोआला धाडत. ती त्यांच्या डोळ्यांना फडकं बांधायची आणि दारामागून मोजायची. चुकलं की पहिल्यापासून. रडायची पोरं. त्यांतल्या एकीला तिनं विचारलं होतं, शाळेत गणितात किती मिळाले? पोरगी लाजून म्हणाली, नापास. तेकारेईनं तिला त्या दिवशी जास्तीचा मासा वाढला.

आता वायरलेसची खोली पोत्यांनी भरलीय. फोन आलेत. ती ऐंशीला टेकलीय, दात गेलेत, कान शाबूत. नवीन काही बेटावर उतरलं की वाद होतो, याला शेपूट कुठलं? विमानाचा निकाल फार पूर्वीच लागला, त्याला होडीचं. माणसं वाहून नेतं ते. छपरावर लावायच्या सूर्याच्या पाट्या आल्या तेव्हा मनेआबात दोन तट पडले. शेवटी तिच्याकडं माणूस धाडला. तिनं पाटी हातात घेतली, उलटसुलट केली, बोटानं टकटक केलं, आणि पानाचं शेपूट दिलं. "चपटी आहे, आणि उन्हावर जगते," ती म्हणाली. कुणी पुढं वाद घातला नाही.

गेल्या साली एका जहाजावरून भाषेचा अभ्यास करणारी एक परदेशी बाई आली. वही उघडून, चटईवर पाय कसे ठेवावेत ते न कळून, अवघडून बसली आणि दुभाष्यामार्फत विचारलं, "आजी, तुमच्याकडं तिनाचे एकूण प्रकार किती?"

तेकारेईनं तिला नीट न्याहाळलं. मग रोतियाला हाक मारली, "अगं, चहा टाक. आणि रात्रीचा भातही हिच्यासाठी वाढव."

"किती, ते सांगा ना," बाई म्हणाली.

"सांगते की," तेकारेई म्हणाली, आणि चटईवर ऐसपैस टेकून बसली. "तुझं जहाज कधी सुटतंय?"